ताटाळ्यातलं मशीन

बिरादार गेल्याची बातमी कंपनीच्या जुन्या लोकांच्या ग्रुपवर आली तेव्हा बऱ्याच जणांनी जोडलेले हात टाकले. एकाने विचारलं, "कोण बिरादार?" शेवटी मी लिहिलं, "स्वेटर." मग सगळ्यांना लगेच आठवले.

मन्मथ बिरादार मे महिन्यातही स्वेटर घालायचे. चाकणच्या मे महिन्यात, पत्र्याच्या शेडखाली मशीनवरची माणसं घामाने निथळत असताना हा माणूस तपकिरी स्वेटर घालून कँटीनमध्ये यायचा. कारण साधं होतं. कंपनीचे कॉम्प्युटर ज्या खोलीत होते तिथला एसी माणसांसाठी नव्हता, मशीनसाठी होता, आणि बिरादार दिवसभर त्याच खोलीत बसत. "जेवायला येताना तरी काढा की," मी एकदा म्हटलं. "काढलं की कुठंतरी राहतंय," ते म्हणाले. "अंगावर असलेलं विसरत न्हाई."

मी परचेसमध्ये काम करते. बावीस वर्षं रबर, बोल्ट, पॅकिंगचे खोके आणि ते विकणारी माणसं हेच बघितलं. बिरादारांकडे कंपनीचे सगळे कॉम्प्युटर. त्यांचं काम असं की सगळं सुरळीत असलं तर ते आहेत हे कोणाच्या लक्षात येत नसे, आणि बंद पडलं की अख्खी कंपनी त्यांच्या दारात उभी. काही नवीन घ्यायचं असलं की विकणारा तासभर त्यांच्यासमोर बोलायचा. ते ऐकून घ्यायचे आणि शेवटी एकच प्रश्न विचारायचे, "आणि हे बंद पडल्यावर?" तो म्हणायचा, "सर, हे बंद पडतच नाही." बिरादार वही मिटायचे. थोड्या वेळाने फाईल माझ्याकडे यायची, वर दोन अक्षरं: नको.

कँटीनमध्ये ते बेसिनजवळच्या टेबलावर एकटे बसत. त्यांना कोणी टाळत होतं असं नाही. त्यांना गप्पा मारता यायच्या नाहीत, एवढंच. आकडा माहीत असला की ते आकडा सांगत. कोणी म्हणालं, "आज ओव्हरटाइम करून जीव गेला राव," तर हे म्हणायचे, "तुमचे या महिन्यात नऊच तास झालेत." तो पुढच्या दिवशी दुसऱ्या टेबलावर.

आम्ही राहायला दोघंही संत तुकाराम नगरला, मागच्या-पुढच्या बिल्डिंगमध्ये. त्यांची बायको महानंदाताई पुढच्या खोलीत ब्लाउज शिवायची. आमच्या दोन्ही बिल्डिंगमधल्या बायकांचे ब्लाउज तिच्याकडेच. दोघं उदगीरकडची. ती नवऱ्याहूनही कमी बोलायची. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. खांदा, बाही, गळा, माया, एवढेच शब्द. पण तिने शिवलेला ब्लाउज दहा वर्षं टिकायचा.

तिची मापं वहीत असत. एका पावसाळ्यात खिडकीतून पाणी आलं आणि अर्धी वही धुऊन निघाली. मग बिरादारांनी तिला घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम लिहून दिला. गिऱ्हाइकाचं नाव टाकलं की सगळी मापं समोर, आणि शेवटी एक रकाना, शेरा. वहीतली उरलेली मापं रोज संध्याकाळी स्वतः बसून त्यांनी त्यात भरली. इथपर्यंत उत्तम.

पुढच्याच महिन्यात कॉलनीतल्या हॉलमध्ये एक लग्न होतं. जेवणाच्या रांगेत बिरादारांच्या पुढे माझ्या शेजारच्या पवारवहिनी उभ्या होत्या. बिरादारांना वाटलं असावं, काहीतरी बोलायला हवं. ते म्हणाले, "वहिनी, तब्येत सुधारली की. मागच्या दिवाळीपेक्षा कंबर अडीच इंच जास्त."

त्यांच्या मते ते कौतुक होतं. पवारवहिनींनी ताट ठेवलं आणि त्या निघून गेल्या. रांगेतल्या आम्ही बाकीच्या जणींनी आपापले पदर सावरले. मी खोटं सांगणार नाही, घरी आल्यावर मी पोट दुखेपर्यंत हसले. पण महानंदाताईकडची गर्दी पुढचे दोन महिने आटली.

ती नवऱ्याशी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, "या मापांना कुलूप करून द्या. तुम्हालाबी उघडता येऊ नये असलं." बिरादार कुठलंही काम अर्धं करत नसत. त्यांनी केलं. प्रोग्राम सुरू झाला की पडद्यावर यायचं, "शब्द?" तो शब्द तिने एकटीने बसून ठरवला. तीन वेळा चुकीचा टाकला की सगळी मापं कायमची पुसली जाणार. कंपनीच्या बसमध्ये त्यांनी मला हे फार अभिमानाने सांगितलं होतं. "चौथी संधी न्हाई, मॅडम. मलाबी न्हाई."

त्यानंतर बारा-तेरा वर्षं तो प्रोग्राम चालला. मग महानंदाताई आजारी पडली. आजार लांबला नाही. ती गेल्यावर काही महिन्यांनी बिरादार रिटायर झाले, आणि तेव्हाच कंपनीने आपलं सगळं काम बाहेरच्या कॉम्प्युटरवर हलवलं. त्यांच्या खोलीत आता पाहुण्यांना द्यायची हेल्मेटं आणि सेफ्टी बूट असतात. एसी काढून नेला.

मुलीच्या इंजिनीअरिंग कॉलेजसाठी म्हणून त्यांनी ताथवड्याला फ्लॅट घेतला होता. ताबा मिळेपर्यंत मुलीचं कॉलेज संपलं, हैदराबादला नोकरी लागली, लग्नही झालं. शेवटी तिथे राहायला गेले ते एकटे बिरादार. अकरावा मजला, दोन बेडरूम.

एका गुरुवारी त्यांचा फोन आला. आमची सुट्टी गुरुवारी असते हे त्यांना माहीत होतं. "काळोखे मॅडम, तीन कोटेशन काढायची हायत."

मी गेले. टेबलावर आमच्याच कंपनीच्या पद्धतीने तक्ता आखलेला होता. डावीकडे वस्तू, पुढे तीन दुकानांचे तीन रकाने, शेवटी शेरा.

"काय घेताय?"

"सर्व्हर. घरचा. लई मशीनं एका मशीनमध्ये ठेवायचीत."

"म्हणजे?"

"भोसरीत आपण नवीन आलो तेव्हा कसं राहत होतो? एक घर, सात खोल्या. प्रत्येकाचं कुलूप वेगळं, चूल वेगळी. प्रत्येकाला वाटायचं आपलं आपलं घर. भिंत एक, मीटर एक. तसंच हे. मशीन एकच, आत खोल्या पाडायच्या. एका खोलीतला पडला-झडला तर बाजूच्याला कळतबी न्हाई."

"आणि राहणार कोण या खोल्यांत?"

त्यांनी कोपऱ्यातल्या जुन्या पिवळट कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. महानंदाताईचा. त्याचा पंखा खरखरत होता. "हे आता जास्त दिवस चालत न्हाई. मापांचा प्रोग्राम याच मशीनला बांधलेला हाय, दुसरीकडं चालत न्हाई. मनून अख्खं मशीनच उचलून एका खोलीत ठेवायचं. जसंच्या तसं."

"पण शब्द कुठे माहीत आहे तुम्हाला?"

"त्यासाठीच तर." ते पहिल्यांदाच खुर्चीत पुढे सरकले. "या खोलीचा फोटो काढून ठेवता येतो. म्हणजे चुकायच्या आधी ती कशी होती ते सगळं. मग मी तीन शब्द टाकणार. तिन्ही चुकले, मापं पुसली. पुसू दे. फोटोवर परत जायचं. मशीनला वाटतंय काही झालंच न्हाई. परत तीन."

मी कामाचं विचारलं. "कुलूप तुम्हीच केलेलं आहे ना? मग तोडा. एवढा खटाटोप कशाला?"

"दोन तासांत तुटंल," ते म्हणाले. "पण ती मनली होती, तुम्हालाबी उघडता येऊ नये. तोडून उघडणं वेगळं. ओळखून उघडलं तर…" मग त्यांनी तक्ता माझ्याकडे सरकवला.

मला हे पटलं नव्हतं, पण तक्ता मला समजतो. पुढचे तीन-चार गुरुवार आम्ही खरेदी केली. हिंजवडीच्या ऑफिसांतून उतरवलेले कॉम्प्युटर पिंपरीत काही दुकानांत ढिगाने मिळतात. बिरादारांचे नियम पक्के होते. प्रोसेसर जुना चालेल, तो झिजत नाही. मेमरी जुनी चालेल, पण भरपूर हवी, कारण खोल्या पाडायच्या तर जागा तिथेच लागते. डिस्क मात्र नवीच. "दुसऱ्याची डिस्क मंजे दुसऱ्याचा टूथब्रश." आणि पॉवर सप्लाय नवा.

पॉवर सप्लायवर आमचं वाजलं. त्यांनी बेरीज करून बरोबर लागेल तेवढ्याच ताकदीचा निवडला होता. मी म्हटलं, "एवढा काटोकाट घेऊ नका. थोडी माया ठेवा. उद्या काही वाढवलंत तर?"

"मार्जिन म्हणा की सरळ," ते म्हणाले, पण मोठा घेतला.

मशीनचा बाहेरचा डबा घ्यायला त्यांनी साफ नकार दिला. पत्र्याच्या खोक्यात गरम हवा कोंडते, शिवाय घरात जागा तयार आहे म्हणाले. पुढच्या वेळी गेले तर सगळं मशीन स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या ताटाळ्यात बसवलेलं. जिथे ताटं उभी राहायची त्या दांड्यांमध्ये मदरबोर्ड उभा, वाट्यांच्या जागी डिस्क, चमच्यांच्या नळकांड्यातून वायरी. हवा चारी बाजूंनी खेळत होती.

"आणि ताटं?"

"एक लागतंय. ते ओट्यावर असतंय."

मी वायरी नीट बांधून दिल्या.

त्यांनी आत चार खोल्या पाडल्या. एकीत महानंदाताईचं मशीन. दुसरीत त्यांनीच कधीतरी लिहिलेला कँटीनचा प्रोग्राम, जो हजेरीवरून किती ताटं लागतील ते सांगायचा. कंपनीला तो नको होता, यांनी घरी आणला. रोज साडेबाराला तो आपोआप चालायचा आणि पडद्यावर ओळ यायची: आजची ताटं, शून्य. तिसरीत काहीतरी गेट-पासचं. चौथी रिकामी.

"चौथी कशाला? एका बिऱ्हाडासाठी अख्खी चाळ बांधलीत."

"असू द्या. पाहुणे आले मंजे."

मग त्यांचा दिनक्रम बसला. रोज संध्याकाळी चहा झाला की तीन शब्द. टाकायच्या आधी वहीत लिहायचे, चुकला की बारीक रेघ मारायची. तिन्ही चुकले की मशीन मागे न्यायचं. मी म्हटलं, दिवसाला तीसही टाकता येतील. ते म्हणाले, "तीनच. विचार करून टाकायचेत. उगं दगड मारल्यासारखं न्हाई."

मी महिन्यातून एखाद्या गुरुवारी जायचे. गेले की वही माझ्यापुढे यायची. पहिल्या पानावर पहिला शब्द त्यांचं स्वतःचं नाव. दुसरा, स्वतःचं घरातलं नाव. तिसरा, लग्नाची तारीख. तिन्हींवर रेघ. "बघा की," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी कोण आठवलं मला? मीच." मग मुलगी, जावई, उदगीरचा देव, तिच्या आईचं नाव, शाळा, गाईचं नाव. मग भाज्या, रंग, सणांची नावं. मधेच एका पानावर फक्त प्रश्न होते: तिला कुठलं गाणं आवडायचं? मोठ्या बहिणीशी भांडण कशावरून? माझ्यामागं मला काय म्हणायची? प्रश्नांपुढे शब्द नव्हते.

"तुम्हाला काय वाटतंय?" ते विचारायचे. "बायका काय ठेवतेत असला शब्द?"

"मी कंपनीत एक-दोन-तीन-चार ठेवते," मी सांगितलं. त्यांनी तेही लिहून घेतलं.

असं दीड वर्ष गेलं. माणूस बरा दिसायला लागला होता. तिच्या माहेरी फोन करायचे, लहानपणीचं विचारायचे. ज्या मेव्हण्याशी पंचवीस वर्षांत कधी धड बोलले नाहीत, त्याच्याशी आता तास तास बोलत. बोलून झालं की वहीत तीन शब्द.

मग मी घोळ केला.

आता मी ब्लाउज एका बुटिकमध्ये शिवून घेते. तिथल्या मुलीने टेप गुंडाळता गुंडाळता विचारलं, "मॅडम, मार्जिन किती ठेवू?" माझ्या तोंडून निघालं, "माया दीड इंच ठेव." तिने मान वर केली. "काय ठेवू?" तिला शब्दच माहीत नव्हता. शिवणीच्या आत जादा सोडलेलं कापड, पुढे अंगाने वाढलं तर उसवून मोठं करता यावं म्हणून ठेवलेलं, त्याला माया म्हणतात हे मी तिला सांगितलं आणि सांगता सांगता थांबले. महानंदाताई काय करायची ते डोळ्यांपुढे आलं. तिच्या पुढच्या खोलीत मी उभी आहे, ती कॉम्प्युटर सुरू करते, एका बोटाने मोजून चार बटणं दाबते, आणि माझ्याकडे न बघता विचारते, "माया किती?" तिचा प्रत्येक दिवस या प्रश्नाने सुरू व्हायचा. इंग्रजीत लिहिलं तर अक्षरं चार.

खात्री नव्हती. पण परचेसचा माणूस सुटा धागा हातात ठेवत नाही. मी तशीच रिक्षा करून ताथवड्याला गेले.

बिरादार कपात चहा गाळत होते. मी दारातूनच सांगितलं. त्यांनी वहीत लिहिलं, खुर्चीवर बसले आणि एका बोटाने चार बटणं दाबली.

उघडलं.

नावांची यादी आली. बिरादार ताडकन उठले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. "तुम्ही बघा. बायकांचं हाय." आणि स्वयंपाकघरात निघून गेले.

मी बसले. दीडशेच्या आसपास बायका. त्यातल्या काही आता नाहीत. मापं मी वाचली नाहीत, शेरे वाचले. "उजवा खांदा उतरता, सांगू नये." "गळा लहान मागते, मग मोठा हवा असतो, मधला धरणे." पवारवहिनींपुढे: "या बाईची माफी मागितली." माझं नाव आलं: "कायम घाईत. माया जास्त ठेवणे." मायेचा दुसरा अर्थ मलाही माहीत आहे, पण तो इथे काढण्याचं कारण नाही. माझं वजन वाढणार हे तिने ओळखलं होतं आणि ते खरं निघालं.

"काय काय हाय?" आतून आवाज आला.

मी मोठ्याने काही शेरे वाचून दाखवले. नावं गाळून. आतून एकदा हसल्याचा आवाज आला. मग, "माझं काही?"

मी यादी वरून खाली बघितली. मग शोधायच्या चौकटीत त्यांचं नाव टाकलं, मग घरातलं नाव, मग नुसतं "हे" आणि "यांचं". ती बायकांचे ब्लाउज शिवायची. नवऱ्याचं माप तिथे असायचं कारणच नव्हतं.

बावीस वर्षं मी विकणाऱ्यांना तोंडावर थापा मारल्या आहेत. दुसऱ्याचं कोटेशन तुमच्यापेक्षा कमी आहे, हे तर सकाळ-संध्याकाळ. एक ओळ बनवणं काही अवघड नव्हतं. "थंडी सोसत नाही, स्वेटर विसरू देऊ नये," असलं काहीतरी. मला वेळेवर सुचलं नाही.

"नाही," मी म्हटलं.

"व्हय," ते आतून म्हणाले. "बायकांचंच शिवायची ती." आणि थोड्या वेळाने, "तरी."

त्यांनी चहा आणला. आम्ही प्यायलो. काम झालं होतं. मी निघाले तेव्हा ते दारापर्यंत आले, आभार मानले, आणि टेबलावरच्या वहीकडे बघत उभे राहिले. वहीची निम्म्याहून जास्त पानं कोरी होती. ती माझ्याही नजरेला पडली, पण मला बस पकडायची होती.

पुढचे दोन महिने फोन नाही. मी केला तर "बरं हाय" एवढंच. तिसऱ्या महिन्यात एका गुरुवारी मी न सांगता गेले. त्या दिवशी देखभालीसाठी त्या भागातली वीज बंद होती. अकरा मजले चढून गेले. दार लोटलेलं होतं. ताटाळ्यातलं मशीन बॅटरीवर चालू, बाकी घर गरम आणि अंधुक. बिरादार स्वेटर घालून पडद्यासमोर बसले होते. पडद्यावर: "शब्द?"

"हे काय? बंद पडलं?"

"मागं नेलं," ते म्हणाले. "तुम्ही आलतात त्याच्या आदल्या दिवसावर."

"कशाला?"

"आता आत काय हाय ते परत कुणालाच माहीत न्हाई."

"मला माहीत आहे ना. तुम्हालाही."

"तुम्हाला हाय. मशीनला न्हाई." त्यांनी मान हलवली. "मलाबी मागं जाता येतंय का बघू लालो. जमत न्हाई."

समोर वही उघडी होती. त्या दिवसाखाली दोन नवे शब्द लिहिलेले, दोन्हींवर बारीक रेघ. तिसरी ओळ कोरी. मी वाट बघितली. कँटीनच्या खोलीचा पडदा बाजूला उघडा होता, साडेबारा वाजले आणि त्याने शून्य ताटं सांगितली.

"जेवलात का?" मी विचारलं.

"बसा. टाकतो भात."

मला घरी स्वयंपाक पडला होता. मी म्हटलं, पुढच्या गुरुवारी. दार लोटून घेताना मागे बघितलं तर ते तसेच बसले होते. एक बोट बटणांच्या वर धरलेलं, पण खाली येत नव्हतं.